चुकलेल्या ठोक्याचा माग

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील बर्नली हे एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जात असे. उंच धुराडी, काजळीने काळवंडलेली दगडी घरे आणि मागांचा दिवसभर चालणारा खडखडाट ही त्या गावाची ओळख होती. अमेरिकेतील यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद पाडला, तेव्हा लँकेशरचे माग थांबू नयेत म्हणून मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी तिकडे रवाना होत असत. त्या दिवसांना पंधराएक वर्षे लोटल्यावर, १८७९ मध्ये, एक स्कॉटिश तरुण डॉक्टर बर्नलीत दाखल झाला. गावातील एका जुन्या दवाखान्यात त्याने सहायक म्हणून काम सुरू केले. त्याचे नाव जेम्स मॅकेन्झी.

नव्या डॉक्टरच्या वाट्याला येते तेच काम त्यांच्याही वाट्याला आले. रात्री-अपरात्री बाळंतपणाची बोलावणी येत, गिरणीतील अपघात, पोरांचे ताप, म्हाताऱ्यांचा दमा हे रोजचेच होते. अशाच एका प्रसूतीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत एक तरुण स्त्री दगावली. तिला हृदयाचा विकार होता. प्रसूतीच्या श्रमांत तिची नाडी विस्कटली, धाप वाढली आणि काही करण्याच्या आत सारे संपले. घरच्यांनी डॉक्टरला दोष दिला असता वा नसता, मॅकेन्झी यांनी मात्र स्वतःला सोडले नाही. या बाईचे हृदय हा भार पेलणार नाही, हे आधी कळायला हवे होते काय? कोणत्या खुणेवरून ते कळले असते? घरी परतल्यावर त्यांनी पुस्तके चाळली. हृदयातून कोणकोणते आवाज येतात, नाडी किती प्रकारे चुकते, याची वर्णने पानोपानी होती. पण अशी नाडी असलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे सांगणारे पान एकाही पुस्तकात नव्हते. पुढची चाळीसहून अधिक वर्षे मॅकेन्झी ते पान लिहीत राहिले.

जेम्स मॅकेन्झी यांचा जन्म १२ एप्रिल १८५३ रोजी स्कॉटलंडमधील पर्थ शहराजवळच्या स्कून गावातील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचा धाकटा भाऊ विल्यम पुढे कायदा आणि राजकारण या क्षेत्रांत नावारूपाला आला व लॉर्ड अ‍ॅमुल्री झाला. जेम्सची शाळेतील प्रगती मात्र कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखी नव्हती. घोकंपट्टी त्यांना जमत नसे आणि समजल्याशिवाय एखादी गोष्ट लक्षात ठेवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते पर्थमधील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागले. औषधांच्या पुड्या बांधताना डॉक्टरांच्या चिठ्ठ्या रोज हातात पडत. त्या लिहिणाऱ्याच्या बाजूला आपण बसावे, असे त्यांना वाटू लागले. वयाच्या विसाव्या वर्षानंतर त्यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातले आणि १८७८ मध्ये पदवी मिळवली. काही काळ तेथील रॉयल इन्फर्मरीत काम करून ते बर्नलीला आले. १८८७ मध्ये फ्रान्सिस जॅक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

मोठ्या रुग्णालयाऐवजी गिरणगावातील दवाखान्यात जाणे म्हणजे संशोधनाला रामराम ठोकणे, अशी त्या काळची समजूत होती. मॅकेन्झी यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. रुग्णालयातील तज्ज्ञाला रोगी दिसतो तो आजार बळावल्यावर, आणि तोही दोन-चार आठवड्यांपुरता. बर्नलीतील डॉक्टरला मात्र तोच माणूस शाळकरी पोर असताना, गिरणीत कामाला लागल्यावर, लग्न झाल्यावर आणि केस पिकल्यावरही भेटत राहतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत नसून या दीर्घ ओळखीत आहे, हे मॅकेन्झी यांना लवकर उमगले. ज्याची नाडी अनियमित आढळे त्याची ते नोंद ठेवू लागले, वर्षानुवर्षे त्याला पुन्हापुन्हा तपासू लागले. तो काम किती करतो, जिना चढताना थांबतो काय, रात्री उशा किती घेतो, हेही त्या नोंदींत उतरू लागले.

नुसत्या बोटांनी नाडी पाहून भागणारे नव्हते. मनगटाची नाडी सांगते ती हृदयाच्या खालच्या कप्प्यांची, म्हणजे जवनिकांची हालचाल. वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, त्या वेळी काय करीत आहेत याचा पत्ता मनगटावर लागत नाही. मॅकेन्झी यांचे लक्ष गेले ते मानेतील मोठ्या शिरेकडे. उजवी कर्णिका आकुंचन पावली की या शिरेत एक लहानशी लाट उठते. डोळ्यांना ती जेमतेम जाणवते, पण यंत्राने टिपता येते. मनगटाची नाडी काजळी धरलेल्या कागदावर रेखणारे एक छोटे उपकरण त्या काळी प्रचारात होते. मॅकेन्झी यांनी त्याला आणखी एक नळी व पडदा जोडला आणि मानेची व मनगटाची अशा दोन्ही रेषा एकाच पट्टीवर एकाच वेळी उमटतील अशी सोय केली. वरच्या कप्प्याने कधी हाक दिली आणि खालच्याने तिला केव्हा प्रतिसाद दिला, हे आता कागदावर वाचता येऊ लागले. पुढे सेबास्टियन शॉ या लँकेशरमधील घड्याळजीच्या मदतीने त्यांनी शाईने लिहिणारे सुधारित यंत्र तयार करवून घेतले. त्याला पॉलिग्राफ असे नाव मिळाले. खोटे बोलणे पकडण्याच्या यंत्राला हे नाव लागले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

हे यंत्र बॅगेत टाकून मॅकेन्झी घरोघर फिरत. दिवसाचे रोगी संपले की रात्री कागदाच्या पट्ट्या मांडून बसत. अशा शेकडो पट्ट्यांतून आणि त्यांच्या मागच्या माणसांच्या हकिकतींतून हळूहळू एक गोष्ट स्पष्ट होत गेली. नाडीची अनियमितता हा एक रोग नव्हताच. एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या होत्या आणि त्यांची भविष्येही निरनिराळी होती.

पहिला प्रकार मुलांत आणि तरुणांत आढळे. श्वास आत घेताना ठोके जलद पडत, सोडताना संथ होत. कर्णिका व जवनिका यांचा मेळ कोठेही बिघडलेला नसे. श्वासाबरोबर चालणारी ही लय निरोगी हृदयाचीच खूण आहे, असा निष्कर्ष मॅकेन्झी यांनी काढला. एवढ्याशा गोष्टीवरून मुलांना खेळू न देणे, अंथरुणात झोपवून ठेवणे, औषधे पाजणे असे प्रकार तेव्हा सर्रास चालत. खेळकर पोराला हृदयरोगी ठरवून त्याचे बालपण हिरावून घेतले जाई.

दुसरा प्रकार प्रौढांत दिसे. मधेच एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर क्षणभर शांतता पसरते आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. माणसाला जाणवते ती ती शांतता आणि तो धक्का. काळजाचा ठोका चुकला, असे मराठीत भीतीच्या क्षणाला म्हटले जाते. येथे ठोका खरोखरच चुकल्यासारखा वाटतो आणि भीती त्याच्या मागून येते. मग माणूस नाडीवर बोट ठेवून बसतो, झोप उडते, दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते. मॅकेन्झी यांनी असे ठोके पडणारी माणसे वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवली. त्यांपैकी ज्यांचे हृदय एरवी धड होते, ती माणसे आपापली कामे करीत सुखाने म्हातारी झाली. त्यांचा आजार असलाच, तर तो डॉक्टरने चेहरा गंभीर करून दिलेला होता.

तिसरा प्रकार मात्र वेगळाच निघाला. त्यात कोणताही मेळ नव्हता. लहान-मोठे ठोके कसेही, कधीही पडत. या प्रकाराचा उलगडा मॅकेन्झी यांना ज्या रुग्णांमुळे झाला, त्यांत बर्नलीच्या एका स्त्रीचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. संधिवाती तापाने तिच्या हृदयाची मिट्रल झडप आक्रसली होती. १८८० पासून ती त्यांच्या देखरेखीखाली होती. वरचा कप्पा आकुंचन पावून अरुंद झडपेतून रक्त पुढे ढकलतो, तेव्हा होणारा मर्मरध्वनी तिच्या छातीवर स्पष्ट ऐकू येई आणि मानेच्या शिरेतील लाटही पट्टीवर नियमाने उमटे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस एके दिवशी तिची नाडी पूर्ण विस्कटली. मॅकेन्झी यांनी यंत्र लावले, तर मानेतील ती लाट नाहीशी झाली होती. स्टेथोस्कोप लावला, तर तो ओळखीचा मर्मरध्वनीही गेला होता. म्हणजे वरचा कप्पा आपले काम करीतच नव्हता. सुमारे अठरा वर्षे तेच हृदय ऐकत आलेल्या माणसालाच हा बदल कळणे शक्य होते. तिला प्रथमच पाहणाऱ्या तज्ज्ञाला नव्हता तो आवाज नाहीसा झाल्याचे कसे कळणार?

वरच्या कप्प्याला लकवा झाला असावा, असा त्यांचा पहिला तर्क होता. पण अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात कर्णिकेचे स्नायू खंगलेले नव्हे, तर जाड झालेले आढळले. निकामी झालेला स्नायू जाड कसा होईल? मॅकेन्झी यांनी आपला तर्क सोडून दिला आणि दुसरा मांडला. ठोक्याचा उगम नेहमीची जागा सोडून कर्णिका व जवनिका यांच्या मधल्या भागात होत असावा, असे ते मानू लागले. तोही तर्क पुढे चुकीचाच ठरला. मात्र निरीक्षण अचूक होते आणि त्या निरीक्षणाने इतरांना वाट दाखवली. आपल्या रुग्णांची हृदये ते लंडनमध्ये आर्थर कीथ या शरीररचनाशास्त्रज्ञाकडे पाठवीत. ती तपासताना कीथ यांचे कुतूहल जागे झाले. १९०७ मध्ये कीथ आणि त्यांचे तरुण सहकारी मार्टिन फ्लॅक यांनी हृदयाचा ठोका जेथून उमटतो ती गाठ जगापुढे मांडली. बर्नलीच्या गिरणी कामगारांची हृदये या शोधाच्या मुळाशी होती, हे सहसा सांगितले जात नाही.

औषधशास्त्रज्ञ आर्थर कुश्नी यांना प्रयोगशाळेत कुत्र्याच्या कर्णिकांची थरथर आणि माणसाची अशी विस्कटलेली नाडी यांत साम्य दिसले होते. १९०९ मध्ये थॉमस लुईस यांनी आइंटहोवन यांच्या नव्या विद्युतयंत्राने, म्हणजे आजच्या ईसीजीच्या पूर्वजाने, ते सिद्ध केले. त्याच वर्षी व्हिएन्नातील संशोधकही याच निष्कर्षाला पोहोचले होते. कर्णिका आकुंचन पावत नाहीत की स्वस्थही बसत नाहीत, त्या नुसत्या थरथरत राहतात आणि त्या थरथरीतून सुटणारे असंख्य इशारे जवनिकांना वाटेल तसे पळवतात. एट्रियल फिब्रिलेशन हे नाव आता सर्वपरिचित आहे. मॅकेन्झी यांनी लुईस यांचा निष्कर्ष मोकळेपणाने स्वीकारला. वयाने अठ्ठावीस वर्षांनी लहान असलेल्या लुईस यांना मानेच्या नाडीकडून हृदयाच्या विद्युतलहरींकडे वळवण्यात त्यांचाच वाटा मोठा होता.

या भेदाचा उपयोग केवळ ग्रंथांपुरता नव्हता. फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांपासून होणारे डिजिटॅलिस हे औषध विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये वैद्यांपुढे ठेवले होते. तेव्हापासून ते कधी चमत्कार करी, तर कधी काहीच करीत नसे. कोणाला द्यावे, किती द्यावे, याला धरबंध नव्हता. नाडी साफ विस्कटलेली आणि अतिजलद असलेल्या रुग्णांवर हे औषध सर्वांत चांगले लागू पडते, हे मॅकेन्झी यांनी दाखवून दिले. जवनिकांना वरून येणाऱ्या गोंधळाची थोडी कमी झळ लागते, त्यांना दोन ठोक्यांच्या मधे भरण्यास उसंत मिळते आणि धाप लागून बसलेला माणूस पुन्हा आडवा होऊ शकतो. उलट वेळेआधी पडणाऱ्या निरुपद्रवी ठोक्यांसाठी हे औषध देणे व्यर्थ होते, प्रसंगी घातकही.

मॅकेन्झी यांचा नाडीवरील ग्रंथ १९०२ मध्ये आणि हृदयविकारांवरील मोठा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर परदेशांतील डॉक्टर बर्नलीची वाट शोधत येऊ लागले होते. हॉलंडचे वेंकेबाख त्यांचे स्नेही बनले. खुद्द लंडनला मात्र गिरणगावातील या डॉक्टरची दखल घ्यायला वेळ लागला. १९०७ मध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, जम बसलेला दवाखाना सोडून मॅकेन्झी लंडनला गेले. सुरुवातीला रुग्ण फारसे फिरकत नसत. नंतर मात्र एवढी रीघ लागली की दिवस पुरेनासा झाला. लंडन हॉस्पिटलमध्ये हृदयरोगांचा स्वतंत्र विभाग त्यांच्याकडे आला. १९१५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला.

लंडनमध्ये येणाऱ्या रुग्णांतील एक तक्रार मॅकेन्झी यांना ठोक्यांइतकीच महत्त्वाची वाटे. ती म्हणजे थकवा. हृदय किती नियमित चालते यापेक्षा ते किती काम करू शकते, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. हृदयाजवळ गरजेपुरतीच नव्हे, तर राखीव ताकदही असते. ती घटू लागली की पहिली सूचना मिळते ती रुग्णाला स्वतःलाच. कालपर्यंत सहज चढता येणारा चढ आज जड जातो, बोलता बोलता धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात. कोणतेही यंत्र सांगण्याआधी माणसाचा स्वतःचा अनुभव हे सांगत असतो, म्हणून डॉक्टरने आधी ऐकावे आणि मग तपासावे, अशी त्यांची शिकवण होती. झडपेत मर्मरध्वनी ऐकू आला, पण माणूस कोणतेही काम न थकता करतो आहे, तर केवळ त्या आवाजावरून त्याला आयुष्यातून उठवण्याचा अधिकार डॉक्टरला नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

पहिल्या महायुद्धाने या मताची कसोटी पाहिली. खंदकांतून परतणाऱ्या हजारो सैनिकांना छातीत धडधड, धाप, घेरी आणि कमालीचा थकवा जाणवत होता. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये दा कोस्टा या डॉक्टरने हेच वर्णिले होते. लष्करी डॉक्टर अशांना हृदयरोगी ठरवीत, महिनोन्महिने अंथरुणात ठेवीत आणि शेवटी सैन्यातून काढून टाकीत. १९१६ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात अशा सैनिकांसाठी खास रुग्णालय उघडण्यात आले. लुईस तेथे काम करीत आणि मॅकेन्झी सल्लागारांपैकी एक होते. बहुतेक सैनिकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. मॅकेन्झी यांनी सांगितले, की हृदयाची ही धडधड साऱ्या शरीराच्या थकव्याचा एक भाग आहे. आधी येऊन गेलेले ताप, जंतुसंसर्ग, अपुरी झोप, सततचा ताण यांनी शरीर खचले आहे आणि हृदय त्याची वर्दी देत आहे. लुईस यांनी बिछान्याऐवजी क्रमाक्रमाने वाढवत नेलेली कवायत सुरू केली. कित्येक सैनिक पुन्हा कामाला लागले, काहींना पूर्वीचे बळ कधीच आले नाही. पण हृदयरोगी हा शिक्का मात्र अनेकांच्या कपाळावरून पुसला गेला.

इतरांच्या भीतीचे ओझे उतरवणाऱ्या या माणसाच्या छातीत एव्हाना खरा आजार घर करून होता. लंडनला आल्याच्या सुमारास मॅकेन्झी यांना छातीत दुखू लागले. चालताना कळ येई, थांबल्यावर ती विरून जाई. तिचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळणार? ती हृदयशूळाची, अँजायनाची कळ होती. त्यांनी ती लपवली नाही की तिला घाबरून घरीही बसले नाहीत. दुसऱ्या कोणा रुग्णाची ठेवावी तशी त्यांनी स्वतःची नोंद ठेवली. कळ कोठून उठते, हातात कोठवर उतरते, किती पावलांनंतर येते, हे सारे त्यांनी टिपले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँजायनावरील ग्रंथात अनेक रुग्णांच्या हकिकती आहेत. त्यांतील एक, नाव न देता, त्यांनी स्वतःची लिहिली आहे.

१९१८ मध्ये, कीर्ती आणि कमाई शिखरावर असताना, त्यांनी लंडन सोडले आणि ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहान गावी गेले. पुष्कळांना हा निर्णय न कळण्यासारखा वाटला. मॅकेन्झी यांच्या दृष्टीने त्यात काही अवघड नव्हते. लंडनच्या प्रशस्त दवाखान्यात त्यांना दिसत होता तो आजाराचा शेवट. त्याची सुरुवात पाहायची असेल, तर जेथे माणसे जन्मतात आणि म्हातारी होतात तेथेच जायला हवे होते. १९१९ मध्ये त्यांनी तेथे एक संशोधन संस्था स्थापली. गावातील डॉक्टर आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवीत आणि ठरावीक दिवशी एकत्र बसून त्यांची चर्चा करीत. थोडासा थकवा, कधीमधी होणारी धडधड, भूक मंदावणे अशा किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींतून पुढे कोणता आजार उगवतो आणि कोणत्या आपोआप मिटतात, हे पिढीभर पाहण्याचा त्यांचा संकल्प होता. एवढी वर्षे त्यांच्या हाताशी नव्हती. संस्था त्यांच्या अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि पुढे बंद पडली. मात्र एखाद्या गावातील निरोगी माणसांनाच वर्षानुवर्षे तपासत राहण्याची कल्पना मागे पडली नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हेच काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांचा हृदयाशी असलेला संबंध त्यातून जगाला कळला.

छातीतील कळ वाढत गेली तसे मॅकेन्झी यांना सेंट अँड्र्यूज सोडून लंडनला परतावे लागले. २६ जानेवारी १९२५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपल्या हृदयाची तपासणी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. ज्यांना त्यांनी हृदय वाचायला शिकवले, त्यांच्यापैकी काहींनीच ती पूर्ण केली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होऊन गेल्या होत्या आणि स्नायूवर जुन्या आघातांचे व्रण होते. त्यांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवले होते, ते आता उघड्या हृदयाशी ताडून पाहता येत होते. ते हृदय सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संग्रहात ठेवण्यात आले. जिच्या मृत्यूपासून हा शोध सुरू झाला त्या तरुण स्त्रीचे नावही आज कोणाला ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाचा शेवटचा पुरावा मात्र मॅकेन्झी यांनी स्वतःच्या छातीतून दिला.

मॅकेन्झी यांच्या पॉलिग्राफची जागा आता ईसीजीने आणि चोवीस तास अंगावर वागवायच्या छोट्या नोंदयंत्रांनी घेतली आहे. त्यांना ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी आज माहीत आहेत. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळते आणि ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून अशा अनेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. उच्च रक्तदाब, थायरॉइडचा अतिरेक, मद्यपान, झोपेत श्वास अडखळणे आणि वाढते वय ही या विकाराची कारणे ओळखली गेली आहेत. संधिवाती तापाने झडप आक्रसण्याचा आजार इंग्लंडमधून जवळजवळ हद्दपार झाला, भारतात मात्र तो अजून आढळतो. थकव्यामागे हृदयाइतकाच रक्तक्षय, मंदावलेला थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप किंवा मनाची खिन्नता असू शकते, हेही तपासण्यांतून कळते.

तपासण्या वाढल्या तरी दवाखान्यात बसलेल्या माणसाचा प्रश्न तोच आहे. ठोका चुकला हे त्याला कळलेले असते. आता आपले पुढे काय होणार, हे त्याला हवे असते. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, बसल्या जागी धाप लागणे, नाडी साफ विस्कटणे यांपैकी काही असेल तर त्या प्रश्नाला उशीर लावून चालत नाही. तसे काही नसेल आणि हृदय तपासून निर्दोष ठरले असेल, तर चार शब्द धीराने ऐकून घेणारा व समजावून सांगणारा डॉक्टर त्याला घरी परत पाठवू शकतो, कामावर परत पाठवू शकतो. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी बर्नलीच्या त्या डॉक्टरने आपली ऐन उमेदीची वर्षे कापडगिरणीतील माणसांच्या मनगटावर आणि मानेवर बोट ठेवून घालवली.